दोन गास्करे

नकाशावर ते तांदळाच्या कणीएवढं.
कुणा गणवेशातल्या कारकुनानं
एका दुपारी, चहा निवत असताना,
बेटांच्या यादीवरून बोट फिरवलं
आणि सुरुंग वेचणाऱ्या एका नव्या जहाजाला
नाव देऊन टाकलं: गास्करे.

बेटाला कुणी विचारलं नाही.
विचारायचं कुणाला?
तीन घरांच्या भिंती, छपरं उडालेली,
एक विहीर, तोंडावरचा दगड तसाच,
आणि मे ते ऑक्टोबर
अलीकडच्या गावाच्या मेंढ्या.

माझ्या भाषेत बेट ते, आणि जहाजही ते.
म्हणून ही गोष्ट सांगताना
मला सारखं थांबावं लागतं.

जहाजावर पस्तीस माणसं.
चौतिसांनी बेट पाहिलेलं नव्हतं.
पस्तिसावा रुअरी, भट्टीत कोळसा लोटणारा,
तिथं दर वर्षी एडका उतरवायचा,
पाय बांधून, खांद्यावर घेऊन,
शेवाळल्या खडकावरून अनवाणी.

पहिलं पत्र त्यानं ओळखीच्या माणसाच्या खिशातून धाडलं:
"डोलिना, मी आता गास्करेवर राहतो.
इथं उंदीर आहेत. तिथं नव्हते.
वारा तोच."
घरातले खूप हसले.
पन्नास वर्षांत तिथं कुणी राहिलं नव्हतं.

पुढची पत्रं कात्रीखालून आली.
जहाजाचं नाव लिहायला बंदी,
आणि रुअरी विचारत होता फक्त मेंढ्यांचं:
यंदा किती नेल्या, इथं भोक, वर?
पुन्हा भोक, च्या दक्षिण अंगाला गवत बरं असतं,
आईला सांग.
कात्रीला बेट ठाऊक नव्हतं.
डोलिनानं भोकात करंगळी घातली.
ती पलीकडून बाहेर आली,
पिठानं पांढरी.

एकदा ते त्याच्या जवळून गेलं.
(जहाज, बेटाच्या. सांगितलं ना, थांबावं लागतं.)
सप्टेंबर, सकाळ, तीन मैलांवर.
वरून कुणी तरी ओरडलं, "रुअरी, तुझी जहागीर!"
तो शिडी चढून वर येईस्तोवर
धुक्यानं दार लावून घेतलं होतं.
काळ्या हातानं त्यानं डोळ्यांवर आडोसा धरला.
काही दिसलं नाही.
मग वारा फिरला: पक्ष्यांची शीट, ओली लोकर.
"आहे," म्हणाला,
आणि खाली गेला, भट्टीकडे.
हे सांगणारा स्वयंपाकी वाचला.
वाचलेले सहा होते.

फेब्रुवारीत तार आली.
पोस्टमास्तरनं चष्मा दोनदा पुसला
आणि दारातच उभ्यानं वाचली:
गास्करे बुडालं.
आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली,
"खिडकीतून बघ गं."
डोलिनानं पाहिलं.
पाण्यावर, नेहमीच्या जागी,
डोक्यावर चिमूटभर बर्फ.
"आहे," ती म्हणाली.
आणि तोंडातून शब्द निघता निघता
तिला कळलं, बुडालं ते कुठलं.

परवा मेंढ्यांच्या होडीत
टॉर्क्विलनं मलाही जागा दिली.
डोलिना त्याची आजी.
जाईपर्यंत तिनं ते नाव घेतलं नाही, म्हणाला.
"पलीकडं" म्हणायची.
पलीकडं गवत कसंय? पलीकडं किती सोडल्या?
पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत.
भोकांच्या कडा मऊ झाल्यात,
इतक्या वेळा बोट फिरलंय.

गावाच्या चढावर नावांचा दगड आहे.
रुअरीच्या नावापुढं जहाजाचं.
कोरीव अक्षरांत पिवळं दगडफूल भरलंय,
कुणी खरवडत नाही.
तिथं उभं राहिलं, पाऊस नसला,
तर समोर दिसतं ते.

एडका काही उतरेना.
आता कुणी खांद्यावर घेत नाही,
आम्ही तिघांनी मागून ढकललं.
खडकावर पाय लागताच तो शिंकला,
आमच्याकडे न बघता
दक्षिणेच्या चढाला लागला.